सूर मारायची घाई नको

जूनमध्ये शाळा उघडल्या की मैदानाच्या फाटकापाशी दोन-चार मोटारसायकली हमखास थांबलेल्या दिसतात. पुढे टाकीवर लेकरू, मागे आई, आणि वडिलांनी गाडी बंदसुद्धा केलेली नसते. "बाई, याला खो-खोत घालायचंय." घाला की. वय किती? सहा पूर्ण. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "सूर कधी शिकवणार?"

पूर्वी हा प्रश्न इतका येत नसे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तेव्हापासून घरोघरी मोबाइलवर सूर फिरतोय. खेळाडू जमिनीला समांतर हवेत जाते, बोटांची टोकं पळणारीच्या टाचेला लागतात आणि ती छातीवर घसरत पुढे जाते. बघणाऱ्याला वाटतं, पळत यायचं, अंग झोकून द्यायचं, हात लांब करायचा, एवढंच तर आहे! घरी लेकरू गादीवर तसं करूनही दाखवतं. आजी टाळ्या वाजवते. आणि तुम्ही फाटकाशी येता.

गाडी चालू ठेवून हे बोलणं होत नाही, म्हणून इथे जरा बैजवार बोलू.

मागच्या हिवाळ्यात एक ताई मला मोबाइल दाखवत होत्या. त्यांचा भाऊ कॅनडात असतो. चार वर्षांचा भाचा पायाला फळी बांधून बर्फावर उभा. ताई म्हणाल्या, "बघा बाई, तिथली लेकरं या वयात काय काय करतात! आपल्याकडे असलं काही नाही." आता आपल्याकडे बर्फ म्हणजे यात्रेतला गोळा, हे खरं. पण मी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पोरगं डोंगरावरून सुसाट खाली येत नव्हतंच. सपाट जागी उभं होतं. फळीच्या टोकाला दोरी होती, शिकवणारी बाई ती हळूहळू ओढत होती. मध्येच त्याला थांबवून ती पडायला लावत होती. पुढे पडायचं तर गुडघ्यांवर आणि कोपरापासून पुढच्या हातांवर, मुठी मिटलेल्या. मागे पडायचं तर बसल्यासारखं, अंग गोल करून. तळहात टेकायचा नाही. बर्फावरच्या फळीच्या या खेळात, स्नोबोर्डिंगमध्ये, सगळ्यात जास्त दुखावतं ते मनगट. पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो, सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडतं. म्हणून तिथे उतारावर जाण्याआधी पडण्याचा धडा.

ही फळी आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. १९६५ चा नाताळ. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींना बर्फात खेळायला म्हणून दोन स्की शेजारी-शेजारी ठेवून एकमेकींना जोडल्या. मुली त्यावर उभ्या राहून घसरू लागल्या, शेजारपाजारची पोरं ते मागू लागली, पुढे टोकाला दोरी आली, कारखान्यात खेळणं तयार होऊ लागलं. १९९८ मध्ये जपानच्या नागानो शहरातल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. पॉपेनना त्या सकाळी ऑलिंपिक सुचलं असेल असं मला वाटत नाही. पोरी खेळल्या पाहिजेत, एवढाच त्या बापाचा हिशेब.

आपल्याकडची गोष्ट तर याहून सोपी आहे. फळी नको, बर्फ नको, दोन खांब आणि फक्की मारलेलं मैदान. तरी शिकवण्याचा क्रम तोच. आधी तोल, मग पडणं, मग वेग. सूर सगळ्यात शेवटी.

सहा-सात वर्षांच्या लेकरांना आम्ही पहिलं वर्षभर खो-खो असा शिकवतच नाही. लंगडी घालतो. शिवणापाणी, साखळी, विषामृत खेळवतो. पालक कडेला उभे राहून एकमेकांकडे बघतात. हे तर आमच्या आळीतही खेळतात, मग इथे आणून सोडायचं कशाला? सांगते कशाला ते. लंगडी घालणारं लेकरू एका पायावर सगळं अंग पेलतं, वळतं, वाकून शिवतं आणि पाय टेकू देत नाही. घोटा, मांडी, कंबर, सगळं त्यात घडतं. नुकतंच आलेलं पोर पाहा. दहा-बारा उड्यांत भेलकांडतं, दोन्ही हात पसरतं आणि पाय टेकतं. काही महिन्यांनी तेच पोर लंगडीवरच दिशा बदलून पुढच्याला चकवतं. साखळीत हात धरून पळताना शेजारच्याचा वेग सांभाळावा लागतो. यातलं काही न करता ज्याला थेट सूर शिकवला, त्याचं अंग जमिनीवर आपटतं. ज्याने हे केलं, ते घसरतं. आपटणं आणि घसरणं यांतला फरक दवाखान्यात कळण्यापेक्षा मैदानावर कळलेला बरा.

मग येतं बसणं. यावरून पालकांची जेवढी कुरबुर ऐकते तेवढी दुसऱ्या कशावरून नाही. "बाई, आमचं लेकरू नुसतं बसूनच असतं. पळू कधी देणार?" अहो, खो-खो हा बसण्याचाच खेळ आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात, त्यांतले आठ जण मधल्या पाटीवर बसलेले. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. प्रत्येकाला तीस सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन, म्हणजे आपली एक वीत चार बोटं म्हणा. त्या चौकोनात चवड्यांवर बसायचं, बोटं जमिनीला, पाठ मोकळी, नजर समोर. शंभर मीटरच्या शर्यतीत धावपटू सुरुवातीला बसतो तसा एक प्रकार आहे, त्याला मैदानावर 'बुलेट' म्हणतात. दोन्ही पाय बरोबरीत ठेवून बसायचा दुसरा. कुठल्या पोराला कोणता जमेल हे त्याच्या पायांच्या लांबीवर आणि घोट्याच्या लवचीकतेवर ठरतं.

आणि बसलेल्या पोराला मागचं काही दिसत नसतं. पळणारा गडी कुठे आहे, आपला आक्रमक कुठून येतोय, हे त्याला पावलांच्या आवाजावरून, समोरच्या गड्याच्या नजरेवरून ताडावं लागतं. पाठीवर हात पडला आणि 'खो' ऐकू आला की उठायचं. त्याआधी नाही. एकदा उठून ज्या बाजूला पाऊल टाकलं त्याच बाजूला जायचं, माघारी वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालून. मोठ्यांना हे नियम वाचून कळायला अर्धा तास लागतो. सात वर्षांचं पोर ते अंगाने शिकतं, पण त्याला वेळ लागतो. बसलेलं असताना उठायची घाई आवरणं हे त्या वयाला सगळ्यात जड. शाळेतल्या बाकावर जे पाच मिनिटं टिकत नाही ते इथे चवड्यांवर दबा धरून बसतं, हे मी रोज बघते आणि दरवेळी मजा वाटते.

आता तुमच्या आवाजाबद्दल. मैदानाच्या कडेला उभे राहून "ऊठ, ऊठ! पळ! अरे तिकडे!" असं ओरडणाऱ्या आया-बापांना मी हात जोडते, ते शिस्त म्हणून नाही. पाटीवर बसलेलं लेकरू कानांवर खेळत असतं. त्याला एकच आवाज ऐकायचा असतो, तोही मागून. त्या आवाजात आईचा आवाज मिसळला की ते खो मिळण्याआधीच उठतं. पंच शिट्टी फुंकतो, फाऊल. पोर तुमच्याकडे बघतं, तुम्ही पंचांकडे बघता. घरचा आवाज लेकराला शंभर आवाजांत ओळखू येतो. म्हणून त्याच्या पाळीला तेवढा आवरा. सामना संपल्यावर हवं तेवढं ओरडा.

पडण्याकडे येते. सूर शिकवायच्या आधी मैदान तयार करावं लागतं. आपल्या जिल्ह्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चपलेला चिकटते, दोन्ही वेळा ती सुराला नालायक. म्हणून मैदानावर बारीक मऊ माती आणून पसरतात, खडे वेचतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. दुष्काळाच्या वर्षी प्यायला टँकर येत असताना मैदानावर पाणी मारायचं कुणाच्या तोंडाने मागायचं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक क्रीडा मंडळापुढे कधी ना कधी आलेला असतो. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. पण आपली बहुतेक लेकरं मातीवरच शिकतात आणि माती चांगली राखली तर ती शिकायला मॅटपेक्षा वाईट नाही, असं माझं मत. तुम्ही क्लब बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट नंतर बघा. आधी चप्पल काढून मैदानावर चार पावलं चाला. खडे टोचले तर तिथे लेकराला सूर मारू देऊ नका.

शिकवायची रीत अशी. पहिल्यांदा भुसभुशीत मातीत किंवा वाळूत गुडघ्यांवर उभं राहायचं. हात पुढे, हनुवटी वर, आणि अंग पुढे सोडायचं. छाती, मग पोट, मग मांड्या, या क्रमाने अंग जमिनीला लागलं पाहिजे. पोर घाबरलं की दोन गोष्टी करतं: हनुवटी खाली घेतं किंवा तळहात टेकतं. हनुवटी खाली गेली तर ती खरचटते, तळहात टेकला तर मनगट जातं. कॅनडातल्या त्या पोराला मुठी मिटायला सांगतात, आम्ही हात पुढे लांबवायला सांगतो, कारण आमच्या पोराला त्या हाताने गडी बाद करायचा असतो. पण मनगटावर भार घ्यायचा नाही, हे तिथेही आणि इथेही. गुडघ्यांवरून जमलं की उकिडवं बसून. मग दोन पावलं चालत येऊन. मग धावत. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला सहा महिने. भित्रं म्हणून ज्याला घरी हिणवलं जातं ते पोर पुष्कळदा नीट शिकतं, कारण ते सांगितलेलं ऐकतं. बेधडक पोरांचीच मला जास्त काळजी असते.

खांबावरचा सूर तर आणखी पुढचा. चार फूट उंचीचा तो खांब एका हाताने धरून पलीकडे अंग झोकायचं, पायाचा चवडा खांबाच्या बुडाशी. त्यात खांदा ओढला जातो. साधा सूर अंगवळणी पडल्याशिवाय आणि खांद्यात पुरेसं बळ आल्याशिवाय मी त्याच्या जवळही कुणाला फिरकू देत नाही. अकरा-बारा वर्षांआधी तर नाहीच. दुसरे कुणी आधी शिकवत असतील. शिकवोत.

खरचटणार, हे गृहीत धरा. कोपर, गुडघा, कधी पोट. घरी आल्यावर जखम साबणाने आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, मातीचा कण ठेवू नका. हळद, चहापत्ती, चुना यांतलं काही भरू नका. धनुर्वाताच्या लशी वेळच्या वेळी झाल्यात का ते कार्डावर बघा. पाचव्या वर्षीचा बूस्टर आणि दहाव्या वर्षीची लस बऱ्याच घरांत राहून जाते, कारण लहानपणीचं कार्ड तोवर ट्रंकेत तळाशी गेलेलं असतं. पडल्यावर मनगट सुजलं, हात लावू देत नसेल, तर हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका. एक्स-रे काढा. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो, तिथली इजा वरून साधी मुरगळ वाटते.

आणखी एक दुखणं आहे, ते पडल्यामुळे होत नाही. आठ ते चौदा या वयात, विशेषतः उंची झपाट्याने वाढत असताना, पळणाऱ्या पोरांची टाच मागून दुखते किंवा गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखतं. हाड वाढतं, स्नायूची ओढ त्याच्या कोवळ्या टोकावर पडते. पोर लंगडत घरी येतं आणि तुम्हाला वाटतं नाटक करतंय. नाटक नसतं. विश्रांती, पळणं कमी, डॉक्टरांचा सल्ला. आठवड्यातून एक-दोन दिवस मैदान बंद, हे या वयात औषधापेक्षा कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दमवणारी हालचाल हवी. तासभर म्हटलंय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि रविवारी 'स्पेशल बॅच' असं म्हटलेलं नाही.

आता तुमच्या मनातलं बोलते. "बाई, लवकर सुरू केलं तरच पुढे जाईल ना?" सारिका काळे हे नाव या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं तेव्हा ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला अर्जुन मिळायला बावीस वर्षं मध्ये गेली होती, १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर थेट सारिका. तिने मैदानावर पाय ठेवला तो साधारण तेराव्या वर्षी, खो-खो खेळणाऱ्या मामाचं बोट धरून. तेराव्या. तुमचं लेकरू सहा वर्षांचं आहे. तुमच्या हातात अजून सात वर्षं आहेत आणि तुम्ही मला सूर विचारताय!

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोक फार सांगतात. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असं तिने स्वतः सांगितलं आहे. पैशाच्या विवंचनेने एका टप्प्यावर खेळ सोडून द्यायचं तिच्या मनात आलं होतं. तेव्हा घरात आजी होती आणि मैदानावर चंद्रजित जाधव सर होते, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. आपली माणसं ही गोष्ट अशा थाटात सांगतात, जणू उपाशी राहिल्यामुळेच ती मोठी झाली. मला हे अजिबात पटत नाही. ती उपाशी असूनही मोठी झाली. पोट भरलेलं असतं तर त्या दहा वर्षांत आणखी काय झालं असतं कोण जाणे. तेव्हा 'कष्ट पडल्याशिवाय खेळाडू होत नाही' म्हणून लेकराला सकाळी उपाशीपोटी मैदानावर पाठवू नका. मूठभर भिजवलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, एक केळं, एवढं पुरतं. आल्यावर ज्वारीची भाकरी, डाळ, जे खात असतील त्यांना अंडं. बाजारातली पाचशे-हजार रुपयांची प्रोटीनची डबी या वयात लागत नाही. तो पैसा दुधावर घाला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सकाळी आठच्या पुढे आणि संध्याकाळी पाचच्या आधी मैदानावर लेकरू दिसता कामा नये, शिकवणारे कितीही नामांकित असोत.

नोकरीचं आणि गुणांचं विचारायला वडील जरा बाजूला घेऊन येतात. हो, राज्य सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुणही मिळतात. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि गरिबाच्या घरात त्यांचं मोल मोठं आहे. स्वतः सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. पण शालेय स्पर्धा सुरू होतात त्या चौदा वर्षांखालच्या गटापासून. सहा वर्षांच्या पोराकडे बघून नोकरीचं गणित मांडणाऱ्या बापाचा चेहरा पोराला वाचता येतो. ते हरलं की त्याला वाटतं, बाबांची नोकरी गेली.

मुलींच्या आई-वडिलांशी मला जरा वेगळं बोलायचंय. आठवी-नववीत मुली मैदानावरून अचानक नाहीशा होतात. कारण विचारलं तर 'अभ्यास'. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. मैदानाजवळ स्वच्छ संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, पाळी आली की कुणाला सांगायचं कळत नाही, बाहेरगावी स्पर्धेला पाठवायची घरच्यांना धास्ती वाटते. यातलं एकही कारण मुलीचं नाही. धास्ती वाटते तर विचारा ना. सोबत बाई व्यवस्थापक कोण आहे? मुक्काम कुठे? मुलींच्या खोलीत कोण झोपतं? फोन कुणाकडे असतो? शिकवणारा एखाद्या मुलीला एकटं बोलावतो का? हे प्रश्न विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे मुलगी ठेवू नका, मग त्याच्याकडे कितीही पदकं असोत. जो शांतपणे उत्तरं देतो त्याच्याकडे निर्धास्त पाठवा, आणि मग उगाच नववीत काढून घेऊ नका. विश्वचषकात, आशियाई स्पर्धांत ज्या मुलींचं कौतुक करता त्यांच्या आई-वडिलांनी नववीत काढून घेतलं नव्हतं, एवढाच फरक असतो पुष्कळदा.

काही लेकरांना हा खेळ आवडत नाही. आईने आणलं म्हणून येतात, पाटीवर बसून मातीत रेघोट्या ओढतात. अशांना मी थोडे महिने बघते, मग घरच्यांना बोलावते. कुणाला पोहायला आवडतं, कुणाला मल्लखांब, कुणाला सायकल. एका पोराला सामन्यातली वेळ नोंदायचंच वेड होतं. घड्याळ हातात दिलं की गडी खूश. त्याची आई नाराज, "खेळाडू करायला आणलं होतं, बाई." वेळाधिकारी नसेल तर सामना होतो का? आणि ज्याला खरोखरच बर्फाची ओढ लागेल त्याला पुढे गुलमर्ग आहे, औली आहे. तिथे शिबिरं चालतात, गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही भरतात. लंगडीत कमावलेला तोल आणि मातीत शिकलेलं पडणं तिथेही त्याच्या अंगात असणार, ते काही इथे ठेवून जायचं नाही.

मोबाइलबद्दल एवढंच की सरावाच्या वेळी चित्रीकरण नको. कॅमेरा समोर आला की पोर कॅमेऱ्यासाठी सूर मारतं, मान वळवून बघतं की आलं का नीट. मान वळलेला सूर हा सगळ्यात वाईट सूर. वर्षातून एकदा, आम्ही सांगू त्या दिवशी, या आणि हवं तेवढं टिपा.

आणि घरी जाताना गाडीवर सामन्याचा पंचनामा करू नका. "तो खो तू उशिरा का दिलास, ती तर समोरच होती." वाऱ्यात मागे बसलेल्या पोराला अर्धं ऐकू येतं, जे ऐकू येतं त्याने त्याचा घास कडू होतो. खो उशिरा दिला हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही ते दुरुस्त करतोच, त्यासाठीच तर सराव.

तर या सोमवारी येणार असाल तर गाडी बंद करून आत या. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणा, वयोगटासाठी पुढे लागते, आणि वय आहे तेच सांगा, कमी करून सांगू नका. लेकराला दमा, फिट, हृदयाचा काही त्रास असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका, त्यावरून कुणाला परत पाठवत नाही. भारी बूट घेऊ नका, साधे कॅनव्हासचे चालतील, सुरुवातीला अनवाणीसुद्धा. पाण्याची बाटली नावासकट. गळ्यातली साखळी, हातातलं कडं, कानातले डूल घरी. आणि नखं कापून पाठवा, विसरू नका. खो देताना हात समोरच्याच्या पाठीवर पडतो, आणि वाढलेल्या नखांचे ओरखडे घेऊन घरी गेलेल्या लेकराची आई दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकाशी उभी असते.